एकतीस वर्षांच्या मुलाचं सहस्रचंद्रदर्शन

पुण्याच्या गेम कंपनीतला निनाद आसरवाडीत आला तो बूट उंबऱ्याबाहेर काढून, हसतमुखानं, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन. रत्नाबाई भोईटेनं त्याला पुढच्या खोलीत बसवलं आणि ती चहा टाकायला आत गेली. खिडकीखालच्या कॉटवर एक म्हातारा भिंतीला टेकून बसला होता. डोक्यावर विरळ पांढरे केस, हातांवर तपकिरी डाग, गुडघ्यांवर शाल. निनादनं वाकून त्याच्या पायाला हात लावला.

"आजोबा, इंद्रजित सर आहेत का घरात?"

म्हाताऱ्यानं त्याच्याकडं जरा वेळ बघितलं. "आहे की. बस."

"किती दिवस भेटायला धडपडतोय त्यांना. तुम्हाला कल्पना नसेल आजोबा, पण तुमचा नातू घराघरात पोचलाय. पोरं त्याचा फोटो उशाला घेऊन झोपतात."

"असं व्हय."

"तुमच्यावरच गेलेत हं सर. नाक तर अगदी तेच."

"माझ्यावरच गेलाय," म्हातारा म्हणाला. "पुरता."

रत्नाबाई चहा घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. कप टेबलावर ठेवताना तो जरा जोरात आपटला आणि चहा बशीत सांडला.

"हाच इंद्रजित," ती म्हणाली. "माझा मुलगा. एकतीसचा हाय. तुझं वय काय?"

"चौतीस," निनाद म्हणाला.

"मग तूच त्याला आशीर्वाद द्यायला पायजेस," रत्नाबाई म्हणाली. "तू थोरला हायस."

अकरा वर्षांपूर्वी फौजेचं वज्रदल उभं राहिलं तेव्हा पहिल्या तुकडीत इंद्रजित होता. त्याला सुया टोचल्या आणि सहा महिन्यांत तो दीडशे किलोचं ओझं घेऊन डोंगर चढायला लागला. हाड मोडलं तर आठवड्यात जुळायचं. निनादच्या कंपनीनं त्याच वर्षी 'वज्रदेह' नावाचा गेम काढला आणि त्यातल्या कॅप्टनला इंद्रजितचा चेहरा, चाल आणि आवाज दिला. गेम खेळलेली पोरं वज्रदलात जायला लागली. दल वाढलं तसा गेम वाढला. दर नव्या भागात गोष्ट पन्नास वर्षं पुढं सरकायची आणि कॅप्टन तोच असायचा. चौथ्या भागात तो एकशे ऐंशी वर्षांचा होता आणि त्याचा एक केस पिकला नव्हता.

"पाचव्या भागासाठी सरांचा आवाज हवा होता," निनाद खाली बघत म्हणाला. "पुढच्या रविवारी इथंच, शाळेच्या मैदानावर, तो आम्ही पहिल्यांदा दाखवणार आहोत. दलाचा कार्यक्रम आणि आमचा, दोन्ही एकत्र. आपल्या भागातून दलात निवडलेल्या मुलामुलींचा सत्कार होईल. तिथूनच त्यांची बस निघेल."

"पाचव्या भागात मी किती वर्षांचा?" इंद्रजितनं विचारलं.

"दोनशे तीस, सर."

"आणि मरतो कसा?"

"मरत नाही सर. कॅप्टन मेला तर गेम कोण घेणार?"

इंद्रजित हसला. हसता हसता त्याला खोकला लागला आणि रत्नाबाईनं धावत जाऊन त्याची छाती धरली. निनाद पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवून उठला.

त्या बसमध्ये बसणाऱ्यांत ऋतुजाचं नाव होतं.

ऋतुजा म्हणजे रत्नाबाईची धाकटी. वय वीस. डोकं तलवारीसारखं. तिच्याशी वाद घालणं म्हणजे आपणच आपल्या पायात दोरी अडकवून घेणं, हे रत्नाबाई तिच्या लहानपणापासून जाणून होती. 'वज्रदेह' खेळणाऱ्यांमध्ये ऋतुजाचं नाव होतं. वज्रदेही माणूस किती जगेल, यावर ती माणसं इंटरनेटवर रात्रंदिवस भांडायची. कुणी म्हणायचं दीडशे, कुणी तीनशे. ऋतुजानं जखम भरण्याचा वेग, हृदयाचे ठोके, पेशींची वाढ अशी आकडेमोड करून दोनशे चाळीस ठरवलं होतं आणि बहुतेकांनी ते मानलं होतं.

निनाद गेल्यावर ती शेजारच्या खोलीतून बाहेर आली. सगळं ऐकलं होतं तिनं.

"बिचाऱ्याला कशाला टोचून बोललीस आई?"

"बिचारा? ह्या कॉटवर कोण बसलंय ते दिसतंय का तुला?"

"दिसतंय. मीच करते ना त्याचं." ऋतुजा पाण्याचा ग्लास भरून इंद्रजितजवळ गेली. "पण दादाचे डोस तू बंद केलेस. सेवेतून सुटल्यावर जन्मभर घ्यायच्या असतात त्या गोळ्या. दलाच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, घरच्यांनी पथ्य मोडलं म्हणून हे झालं."

"ओकत होता तो. चार-चार वेळा ओकायचा."

"म्हणून बंद करायच्या?"

"ऋतू," इंद्रजित म्हणाला, "गोळ्यांचा काय संबंध नाही. सुटायच्या आधीच माझे दात हलायला लागले होते."

"दादा, एका माणसावरून काही ठरत नाही." ती मऊ आवाजात बोलली, आणि त्याचाच रत्नाबाईला जास्त राग आला. "हजारो जण आहेत दलात. गावातलेच बघ. समाधानदादा, विश्वासकाकांचा अभय, कोळेकरांचा तो उंच मुलगा. तुझ्याच तुकडीतले सगळे. त्यांना कुणाला झालं असं काही?"

"कुठं हायत ते?" रत्नाबाईनं विचारलं.

"पोस्टिंगवर."

"कोण म्हणालं?"

"त्यांच्या घरचे. कोण म्हणणार दुसरं?"

रत्नाबाई तोंड उघडून काहीतरी बोलणार होती, ती थांबली. गेली तीन वर्षं गावात कुणी इंद्रजितची चौकशी केली की ती काय सांगत होती? पोस्टिंगवर हाय. हेच. शब्द न् शब्द हाच.

आसरवाडीत घरटी एक माणूस फौजेत, ही पिढ्यांची गोष्ट. लढाईत पडलेल्याला गाव वेशीपर्यंत वाजतगाजत आणतं आणि त्याच्या आईला पुढच्या रांगेत बसवतं. पण दुखणं घेऊन आलेला पोरगा मागच्या दारानं घरात येतो. त्याच्यावर पडदा पडतो. का, ते कुणी शिकवत नाही आणि कुणी विचारतही नाही. दुखणं सांगितलं की खानदानाला बट्टा लागतो, धाकट्यांची लग्नं अडतात, आणि म्हाताऱ्या फौजींच्या पारावर कुजबूज सुरू होते. रत्नाबाईनंही तेच केलं होतं. इंद्रजितला तिनं अंधारात घरात घेतला होता आणि खिडकीला जाड पडदा लावला होता.

ती तशीच उठली आणि दोन आळ्या ओलांडून कल्पना साळुंखेच्या घरी गेली. समाधान कल्पनाचा थोरला. इंद्रजित आणि तो एकाच बाकावर शिकले.

कल्पना दारातच बसून भाजी निवडत होती. ती उठली, पण आत या म्हणाली नाही.

"समाधान काय म्हणतोय?" रत्नाबाईनं विचारलं.

"बरा हाय. पोस्टिंगवर."

आतून खोकला आला. जुना, खोल, छातीत पाणी भरलेला.

"कोण खोकतंय गं?"

"मामंजी आलेत."

"कल्पना, तुझ्या मामंजींच्या मयतीला मी भाकरी थापल्या होत्या."

कल्पनाच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. तिनं आळीच्या दोन्ही टोकांकडं बघितलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "तुझ्या पाया पडते काकी, कुणाला सांगू नको. धाकटीची सोयरीक चाललीय."

"गोळ्या घेतोय का तो?"

"एक चुकवत न्हाई. मी स्वतः देते हाताने."

रत्नाबाईला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं. तीन वर्षं. तीन वर्षं तिनं ऋतुजाचं बोलणं खरं धरून रोज स्वतःला शिव्या घातल्या होत्या. दोन आळ्या पलीकडं तोच खोकला होता आणि दोघी बायका एकाच नळावर घागरी भरताना एकमेकींना एकच खोटं सांगत होत्या.

दुसऱ्या दिवशी ती साताऱ्याला डॉक्टर शबाना मुजावरकडं गेली. इंद्रजितला तपासणारी तीच. पूर्वी तिनं समजावून सांगितलं होतं, पण तेव्हा रत्नाबाईच्या कानावरून गेलं होतं. आता रत्नाबाई म्हणाली, परत सांगा, सावकाश सांगा, मला दुसऱ्यांना सांगायचंय.

डॉक्टरनं रत्नाबाईच्या पदराचा काठ बोटांत धरला.

"काकी, शरीरातली प्रत्येक पेशी तुटून दोन होते, तेव्हा जखम भरते, हाड जुळतं. पण पेशीच्या आत जो जन्माचा धागा असतो, त्याला असा काठ असतो. पेशी तुटली की काठ थोडा विरतो. काठ संपला की पेशी तुटायची थांबते, म्हातारी होते. तुमच्या-माझ्यात हा काठ ऐंशी-नव्वद वर्षं पुरतो. या सुयांनी काय केलं? स्नायू वाढायला लगाम असतो, तो काढून टाकला. जखम भरायचा वेग सात-आठपट केला. म्हणजे काठ सात-आठपट वेगानं विरला. आठ वर्षांत त्यानं साठ वर्षांचा काठ वापरला."

"काठ परत विणता येत न्हाई?"

"येतो. पण त्या औषधानं कॅन्सर होतो. म्हणून करणाऱ्यांनी ते घातलंच नाही."

"म्हणजे त्यांना ठाऊक होतं."

डॉक्टर मुजावरनं पदर सोडला. "त्यांचा अभ्यास सेवेच्या आठ वर्षांपुरता होता. त्या आठ वर्षांत मुलं धडधाकट दिसली. पुढं काय होतं ते मोजायचं कुणी ठरवलंच नव्हतं. तुम्ही ठाऊक होतं म्हणा, मी म्हणेन त्यांना ठाऊक करून घ्यायचं नव्हतं."

"पोराचं खरं वय किती आता?"

"हाडांवरून विचाराल तर ऐंशी ओलांडलीय."

परतीच्या एसटीत रत्नाबाई खिडकीशी बसली. तिच्या मनात सारखं तेच घोळत होतं, ऐंशी ओलांडलीय. ऐंशी ओलांडली की घरचे काय करतात? तिच्या सासऱ्यांचं केलं होतं. सगळी भाऊबंदकी जेवायला आली होती. मांडवात सासरे पाटावर बसले होते, सुना ओवाळत होत्या आणि पोरंटोरं रांगेनं पाया पडत होती. मोठं घराणं असो नाहीतर लहान, ऐंशी ओलांडलेल्या माणसाचं सहस्रचंद्रदर्शन लपवून कुणी करत नाही.

घरी जायच्या आधी ती देवळात गुरुजींकडं गेली.

"रविवारी सहस्रचंद्र करायचंय. शाळेच्या मैदानाला लागून जे पटांगण हाय, तिथं."

"अरे वा. कुणाचं?"

"इंद्रजितचं."

गुरुजींनी चष्मा काढला. "रत्नाकाकी, एक हजार पौर्णिमा बघितलेल्या माणसाचा हा विधी. इंद्रजितनं चारशेसुद्धा बघितल्या नसतील."

"त्याच्या हाडांनी बघितल्यात."

"शास्त्रात बसत नाही हो. आणि मुलानं आईबापाचं करायचं असतं. आईनं मुलाचं कसं करायचं?"

"शास्त्रात एकतीस वर्षांचं पोरगं कवळी लावतं का? ते कुठं बसतं? तुम्ही येत असाल तर या. न्हाई आला तर मी मला येईल तसं ओवाळते."

गुरुजी तिच्याबरोबर घरी आले. कॉटजवळ बसले. इंद्रजितला त्यांनीच मुंजी-बारशांच्या पंगतीत लाडू वाढले होते. जाताना म्हणाले, "सकाळी नऊला येतो. दिवे मी आणतो."

इंद्रजितला ते आवडलं नव्हतं. "आई, मला गावासमोर नको बसवू."

"का?"

"लाज वाटते."

"तुला कशाची रं लाज?" रत्नाबाई ताडकन म्हणाली. "ज्यांनी केलं ते रविवारी हार घालून घेणार हायत. आणि तू लाजणार? सांग, ऋतूला बसमध्ये बसू देऊ का?"

त्यानं गुडघ्यांवरची शाल बाजूला केली. "पांढरा सदरा काढ मग," तो म्हणाला. "तो निळा लय ढगळ होतो आता."

मग रत्नाबाई घरोघर आमंत्रण देत फिरली. वज्रदलात पोरगा गेलेलं एक घर तिनं सोडलं नाही. कुणाच्या पोराचं नाव काढलं नाही, कुणाला खोटारडं म्हटलं नाही. प्रत्येक दारात कुंकू लावून एवढंच म्हणाली, "माझ्या इंद्रजितचं सहस्रचंद्र हाय रविवारी. सगळ्यांनी यायचं. घरात कुणी म्हातारं माणूस असलं तर त्यालाबी घेऊन या. त्याचा मान हाय."

काहींनी दार लावून घेतलं. विश्वासराव, अभयचे वडील, जुने हवालदार, भडकले. "गावाची अब्रू वेशीला टांगतेस, रत्ना."

"वेशीला पोरं टांगलीत तुम्ही," ती म्हणाली, "मी नुसती मोजायला आलेय."

रविवारी मैदानावर प्रचंड पडदा उभा होता. त्यावर इंद्रजितचा चेहरा, दोन माणसांएवढा उंच, काळ्याभोर मिशांचा. दोनशे तीस वर्षांचा कॅप्टन कसलासा किल्ला फोडत होता. खाली निवडलेली बारा मुलंमुली हार घालून खुर्च्यांवर बसली होती. ऋतुजा त्यांच्यात होती. ती आईशी सकाळपासून बोलली नव्हती. मागं बस उभी होती. निनाद कॅमेरे आणि तारांमध्ये धावपळ करत होता. हा कार्यक्रम ठिकठिकाणच्या खेळाडूंना थेट दिसत होता.

लागूनच्या पटांगणात रत्नाबाईनं पाट मांडला होता. इंद्रजितला गुरुजींनी हाताला धरून आणलं. पाटावर बसवेना म्हणून खुर्ची आणली. दिवे लागले. पण समोरच्या सतरंजीवर कुणी नव्हतं. गाव मैदानाच्या कडेला उभं राहून लांबून बघत होतं.

रत्नाबाईनं ताम्हण उचललं. पहिल्यांदाच तिला वाटलं की आपण पोराला विनाकारण उघड्यावर आणलं.

मग कल्पना साळुंखे आली. तिच्या खांद्यावर हात ठेवून एक म्हातारा चालत होता, पाय ओढत. धाकटी मुलगी मागून काठी घेऊन येत होती. कल्पनानं कुणाकडं बघितलं नाही. म्हाताऱ्याला इंद्रजितच्या शेजारी बसवलं आणि म्हणाली, "काकी, ह्यालाबी ओवाळ."

कोळेकर आले, ते चाकाच्या खुर्चीवर कुणाला तरी बसवून. शेजारच्या वाडीतली एक बाई, जिला रत्नाबाई ओळखतही नव्हती, दोघांना घेऊन आली. सगळ्यांत शेवटी विश्वासराव आले. त्यांच्या पाठीवर अभय होता. बाप पासष्टचा आणि ताठ, पोरगा वाळलेल्या काटकीसारखा. विश्वासरावांनी त्याला अलगद खाली ठेवलं आणि स्वतः उभेच राहिले, फौजेत उभे राहायचे तसे.

मैदानावरचा भोंगा कॅप्टनच्या आवाजात गर्जत होता, पण तिकडं आता कुणी बघत नव्हतं.

"ही सगळी म्हातारी कोण?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"म्हातारी न्हाईत," रत्नाबाई म्हणाली. तिला ओरडावं लागलं नाही. "पोस्टिंगवरची पोरं हायत आपली. आज घरी आलीत. घ्या ओळखून."

आणि ती ओवाळायला लागली. एकेकाच्या कपाळाला कुंकू लावत नाव घेत गेली आणि वय सांगत गेली. समाधान, एकतीस. अभय, तीस. कोळेकरांचा महेश, एकोणतीस. नाव घेतलं की गर्दीत कुणाचा तरी हुंदका फुटायचा. कुणी त्याच्याबरोबर कबड्डी खेळलेलं होतं. कुणाला त्यानं सायकल शिकवलेली होती.

ऋतुजा खुर्चीवरून उठून आली होती. हार गळ्यात तसाच होता. ती समाधानसमोर गुडघ्यावर बसली आणि त्याचा हात हातात घेऊन त्वचा दोन बोटांत चिमटून बघितली. चिमूट तशीच उभी राहिली, खाली बसली नाही.

"समाधानदादा, गोळ्या बंद केल्या होत्यास?"

"रोज घेतोय की," समाधान म्हणाला. "सकाळीच घेतली. कडू असते लय."

"अभयदादा?"

अभयला बोलणं जमत नव्हतं. विश्वासरावांनी उत्तर दिलं. "त्यानंबी कधी चुकवली न्हाई. फौजीचा मुलगा हाय."

ऋतुजा तिथंच बसून राहिली. ती रडली नाही. रत्नाबाईला तिचं डोकं चालताना दिसत होतं, जुनी आकडेमोड एकेक करून मोडताना. मग तिनं हार काढून सतरंजीवर ठेवला आणि इंद्रजितच्या पायाशी जाऊन बसली.

"दादा, मी तुझं खरं मानलं नाही."

"मीपण ऐकलं नसतं कुणाचं," इंद्रजित म्हणाला. "वीस वर्षांचा असताना."

रत्नाबाईचं काम झालं होतं. पोरगी राहिली होती. आता ताम्हण खाली ठेवावं, पोराला घरी न्यावं, दोन घास भरवावेत. तिला खूप दमल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात बसचं इंजिन सुरू झालं. कुणीतरी हुकूम सोडला होता. बारा खुर्च्यांतली पाच रिकामी होती, पण सात मुलं हार घालून बसमध्ये चढत होती. काहींच्या माना खाली होत्या. एकाची आई त्याला दंडाला धरून वर ढकलत होती, पटांगणाकडं पाठ करून.

रत्नाबाई पटांगणातून सरळ चालत निघाली. पायात चप्पल नव्हती. बसच्या समोर जाऊन ती उभी राहिली आणि दोन्ही पंजे तिनं गरम बॉनेटवर ठेवले. मागून कल्पना आली. मग कोळेकरीण. विश्वासराव अभयला परत पाठीवर घेऊन आले आणि ते त्यांच्या शेजारी उभे राहिले. निनाद दुरून बघत होता. त्याचे कॅमेरे चालू होते, आणि त्यानं ते बंद केले नाहीत.

चालकानं हॉर्न वाजवला. एकदा, दोनदा. मग इंजिन थांबलं. चालक खाली उतरला. पोरगेला माणूस, डोळे तांबारलेले. तो रत्नाबाईजवळ आला तेव्हा ती त्याला मारायच्या तयारीत होती.

"काकी," तो हळूच म्हणाला, "माझा भाऊ तिकडं हाय, सात वर्षं झाली. फोनवर आवाज घोगरा येतो. व्हिडिओ लावत न्हाई म्हणतो, नेट न्हाई. त्याला कुठं दाखवायचं, तेवढं सांगता का?"

रत्नाबाईनं त्याच्याकडं बघितलं, मग बसच्या उघड्या दाराकडं.

"आधी ही पोरं उतरव," ती म्हणाली. "मग बोलू."